चार नंबरची चकती

"एक नंबर लाव," मामा दारातूनच म्हणाला. पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती.

माझ्या एका हातात प्लॅस्टिकचा पेला होता, दुसऱ्या हातात काडी, आणि पेल्यातल्या रेझिनमध्ये हार्डनर नुकताच पडला होता. तो पडला की हाताशी चार मिनिटं उरतात. तेवढ्यात ढवळून साच्यात ओतलं तर बाहुली, नाही तर पेल्यात दगड. त्यामुळे मी मामाकडे न बघता नुसती मान हलवली, 'थांब जरा' अशा अर्थानं. मामानं तो होकार समजला. आमच्या घराण्यात बायकांची मान कशीही हलली तरी होकारच धरायची रीत आहे.

"कुणाच्या रुखवताची म्हंता, दिनकरराव?" कुंदामावशीनं विचारलं.

"आता कुणाच्या! हिच्याच की. वैशाखात लगीन काढलंय. म्हनलं, नवरा-नवरीची जोडी आपल्याच पोरीच्या हातची हुंदे. तिच्या हातात कला हाय, म्होरल्या लोकांनाबी दिसंल."

"ते ब्येस झालं. पन एक नंबर?" मावशीनं माझ्याकडं बघितलं, मग मामाकडं. "नवरी हीच हाय न्हवं?"

"म्हंजे?"

"न्हाई, आपलं इचारलं."

कराडच्या सोमवार पेठेत कुंदामावशी शेवाळेंचं रुखवताचं दुकान होतं. दुकानामागे दोन खोल्या आणि एक अंगण, तिथं आम्ही बाहुल्या ओतायचो. हातभर उंचीची नवरा-नवरीची जोडी. डोकं, हात, पाय रेझिनचे, धड कापडात कापूस भरून, वर खरा शालू आणि खऱ्या मुंडावळ्या. मातीची बाहुली रंगवलेली असते, खरवडली की खालची माती दिसते. आमच्या बाहुलीचं तसं नव्हतं. रेझिन पातळ असतानाच त्यात रंग मिसळायचा आणि मगच ओतायचं, म्हणजे रंग आरपार. ते मिसळायचं काम माझं होतं. सहा वर्षं मी तेच करत होते.

गिऱ्हाइकानं रंग निवडावा म्हणून बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात चार चकत्या ठेवलेल्या असत. पाठीवर नंबर घातलेले. एक म्हणजे गोरा, दोन निमगोरा, तीन गव्हाळ, चार सावळा. लग्नाच्या बायोडेटात 'वर्ण' म्हणून जो रकाना असतो, त्यातूनच मावशीनं ही यादी उचलली होती. लोक डबा उघडायचे आणि एक नंबर उचलायचे. फारच प्रामाणिक असले तर दोन. तीन नंबर आम्ही नवऱ्याला लावायचो, कारण नवऱ्याचा रंग कोणी निवडतच नसे. चार नंबरची चकती सहा वर्षांत एकदाही डब्याबाहेर आली नव्हती.

आणि मी चार नंबर होते. हे मी दुःखानं सांगत नाही आणि मिरवतही नाही. चपलेचा नंबर सांगावा तसं सांगते.

ओतून झालं, साच्याला रबर लावले, मग मी तोंड उघडलं.

"मामा, एक नंबर कशाला? बाहुली माझीच असणार ना?"

"मग? चांगली दिसाय नको?"

"माझ्यासारखी दिसायला नको?"

"शैले, तोंड लई चालाय लागलंय तुझं. बायोडेटात मी निमगोरी लिवलंय. फोटोत तू गोरीपान आलीयास. आन् आता रुखवतात काळी बाहुली मांडून आपल्या पायावर आपनच धोंडा पाडून घ्यायचा? एक नंबर लावायचा. बास."

मावशीनं दिलेला चहा तो उभ्यानंच प्यायला आणि गेला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला हे लग्न हवं होतं. नाही तर तुम्हाला वाटेल, हिला ते मोडायचंच होतं. त्याआधी सात जण मला बघून गेले होते, आणि सातांनीही "मुलगी छान आहे, रंग जरा..." एवढं बोलून उरलेलं वाक्य पोह्यांबरोबर गिळलं होतं. विलास घोरपडे आठवा. संक्रांतीनंतर आठवड्यानं, संध्याकाळी सात वाजता ते लोक आले. त्या वर्षी भारनियमन जोरात होतं. आमच्या पेठेत साडेसहाला वीज जायची ती साडेनऊला यायची. म्हणून सगळा कार्यक्रम चार्जिंगच्या एका दिव्यावर झाला, आणि तो दिवाही पाहुण्यांच्या पायाशी. मी पोहे घेऊन आले ती अर्ध्या अंधारात. मामा मात्र फार उत्साहात होता, सारखा उठून दिवा इकडचा तिकडे करत होता.

स्वयंपाक, शिक्षण, भरतकाम झाल्यावर विलासनं स्वतः एक प्रश्न विचारला.

"बाहुल्यांना रंग वरून देता का आतून?"

"आतून."

"मग पेल्यात दिसतो तोच राहतो का?"

हा प्रश्न मला सहा वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी मान वर करून उत्तर दिलं. "नाही राहत. रेझिन आधी मधासारखं आरपार दिसतं, घट्ट होताना पांढरं पडतं. म्हणून पेल्यात रंग गडदच दिसावा लागतो. पेल्यात बरोबर दिसला, तर बाहुली पांढरीफटक येते."

तो हसला. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला होता. म्हणाला, "आमच्याकडं पण नमुन्याच्या बाटल्या असतात. रोजची साखर त्यांच्याशेजारी धरून बघायची. पांढरी यावी म्हणून रसाला गंधकाचा धूर देतात."

"आणि नाही दिला तर?"

"तर गोडी तेवढीच राहते," तो म्हणाला, "पण बाजारात कोणी विचारत नाही."

त्या उत्तरावर मी भाळले. पोरी मोटारसायकलीवर भाळतात, मी गंधकावर भाळले. आठ दिवसांनी पुरुषांची बैठक झाली, सुपारी फुटली. लग्नाआधी भेटायची, फोनवर बोलायची पद्धत आमच्याकडे नव्हती. पण माझ्या मनात पक्कं बसलं होतं की ह्या माणसानं मला बघितलं आणि तरी हो म्हटलं. मग बाहुली एक नंबरची कशासाठी?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डब्यातून चार नंबरची चकती काढली, ओढणीनं पुसली आणि अंगणात उन्हात जाऊन मनगटाशी धरली. बघते तर तो माझा रंगच नव्हता. माझाच काय, कुठल्याही जिवंत माणसाचा नव्हता. चुलीतल्या राखेवर पाणी शिंपडल्यासारखा करडा होता.

"मावशी, ही चकती कुणी केली?"

"मीच की. दुकान काढलं तवा."

"कशी केलीत?"

"कशी म्हंजे? एक नंबरातच दोन थेंब काळा टाकला. झाला सावळा."

मला इतका राग आला की मी ती चकती अंगणातल्या पेरूच्या झाडावर भिरकावली. मावशीला काय बोलणार, सगळं जग तसंच करतं. गोरा धरायचा मूळ आणि त्यात काळं कालवायचं. सहा वर्षं ह्या धंद्यात असून मी स्वतः कधी तो रंग करून बघितला नव्हता, ह्याचीही लाज वाटली.

मग मी काळ्या रंगाची बाटली उचलून फडताळात मागे ठेवून दिली आणि तांबडा, पिवळा, तपकिरी पुढे घेतले. मावशी दुपारी जेवून आडवी झाली की माझे प्रयोग सुरू व्हायचे. पहिली चकती विटेसारखी आली. दुसरी चॉकलेटसारखी. तिसरीत निळा टाचणीच्या टोकाएवढा टाकायचा होता, तो टोकाहून जरा जास्त पडला आणि चकती कावीळ झाल्यासारखी हिरवट निघाली. चौथी जवळ आली, पण मला कळेना की जवळ म्हणजे कशाच्या. हाताची बाहेरची बाजू उन्हानं रापलेली, आतली फिकट. मग आपला रंग म्हणायचा तरी कोणता? शेवटी मी गळ्याखालचा धरला. तिथं ऊनही पोचत नाही आणि पावडरही.

पाचवी चकती सुटली तेव्हा मी दुकानातला आरसा अंगणात आणला, पेरूला टेकवला आणि चकती गळ्याशी धरली. आरशात नुसती माझी बोटं दिसत होती. चकती दिसतच नव्हती.

"मिळाला गं," मागून मावशी म्हणाली. ती कधीची उठून दारात उभी होती. जवळ आली, तिनं चकती माझ्या गळ्याशी दोनदा लावून बघितली. "आन् मी ह्याला राख लावून ठिवली हुती. थेंब किती घातलेस ते वहीत लिव आधी, इसरशील."

"मावशी, बाहुली ह्याच रंगाची ओतणार आहे मी."

"त्यातलं मला काय सांगू नगंस. दिनकररावानं इचारलं, तर मी दुपारची झोपती." असं म्हणून ती खरंच परत जाऊन झोपली.

एका बाहुलीचं डोकं, हात, पाय सगळे एकाच पेल्यातून ओतावे लागतात. थेंब कितीही मोजून घाला, आजचा रंग कालच्याला तंतोतंत मिळत नाही. हवा बदलते, डबा बदलतो, हात बदलतो. म्हणून मी मोठा पेला घेतला, एकदाच रंग केला आणि पाचही साचे एका दमात भरले. मी असं ओतकाम परत कधी केलं नाही. एकाही अवयवात एक बुडबुडा आला नाही.

तिसऱ्या दिवशी आई आली. बाहुलीचा शालू घेऊन आली होती. स्वतःच्या लग्नातल्या शालूचा काठ कापून तिनं तो शिवला होता, इतका बारीक टाका की दोरा शोधून सापडेना. टेबलावर चेहरा, दोन हात, दोन पाय मांडलेले होते. आईनं त्यातला चेहरा उचलून उजेडात धरला.

"शैले, हे कोन?"

"मी."

"दिनकर एक नंबर म्हनला हुता न्हवं?"

"मामाला म्हणू दे. त्या लोकांनी मला बघितलंय आई, मग बाहुलीचं सोंग कशाला?"

"कुठं बघितलंय?" आई म्हणाली, आणि लगेच तिनं तोंडाला पदर लावला.

मी काडी खाली ठेवली. "कुठं बघितलंय म्हणजे?"

मग एकेक निघालं. मामानं भारनियमनाचं वेळापत्रक पेपरातून कापून खिशात ठेवलं होतं आणि पाहुण्यांना वेळ दिली ती मुद्दाम सातची. दिवा इकडून तिकडे नाचवत होता तो माझ्यावर उजेड पडू नये म्हणून. फोटो स्टुडिओवाल्याला सांगून उजळ केला होता. लग्नाचा मुहूर्त गोरज धरला होता, दिवेलागणीचा. मेकअपवालीला आत्तापासून सांगून ठेवलं होतं.

"एकदा अक्षता पडल्यावर कोन काय करतंय? असं म्हनला त्यो," आई म्हणाली.

"आणि तू ऐकलंस?"

"मग काय करू? आठवं स्थळ हाय तुझं." आई रडायला लागली. "मीबी सावळीच हाय गं. तुझ्या आजीनं मला वरीसभर हळदीचं दूध पाजलं, काय तरी उजळंल म्हनून. चारचौघीत हाक मारायची ती 'काळे' म्हनून. तुला कुनी तसं म्हनू नये, म्हनून केलं."

मलाही रडू आलं होतं. पण रेझिनच्या टेबलाशी रडायची सोय नसते. पाण्याचा एक थेंब पडला तरी ते फसफसून फुगतं आणि सगळं ओतकाम वाया जातं. सहा वर्षांत तेवढी सवय लागली होती. मी उठले, आईला पाणी दिलं, आणि बाहुलीचा उजवा हात रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाची एसटी पकडली. मार्चचा महिना होता. कारखान्याच्या फाट्यावर उतरले तेव्हा बाराला पाच कमी होते आणि डोक्यावर रणरणतं ऊन होतं. गेटपासून लांबवर उसाच्या बैलगाड्या उभ्या, हवेत मळीचा वास. वॉचमननं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"कुनाला भेटायचंय?"

"लॅबमधल्या घोरपड्यांना."

"कोन आलंय म्हनून सांगू?"

"नवरी आलीय म्हणा."

तो आत जो धावला, की दोन मिनिटांत विलास हात पुसत बाहेर आला. पांढरा कोट, खिशाला पेन. गेटपाशी येऊन त्यानं डोळ्यांवर हात धरला, माझ्याकडं बघितलं आणि मग माझ्या पाठीमागं बघायला लागला. नवरी कुठं दिसते का ते शोधत होता.

"मी शैला," मी म्हटलं.

त्याचा हात खाली आला. पूर्ण उन्हात मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. तोही चार नंबर होता. माझ्याहून एक थेंब जास्तच असेल, कमी नाही.

त्यानं मला लॅबमध्ये नेलं. खिडकीशी फळीवर नमुन्याच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या, सांगितल्या होत्या तशाच. मी रुमाल सोडला आणि हात टेबलावर ठेवला.

"हा माझा रंग," मी म्हटलं. "दिव्याखाली बघितलात तो नव्हे. आमच्याकडून लबाडी झालीय. मला काल कळलं, म्हणून आज आले. आता बारा वाजलेत, उजेड भरपूर आहे. नीट बघा आणि काय ते ठरवा."

त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग तो हात उचलला. उलटासुलटा केला. टेबलावरचं ब्लेड घेऊन मनगटापाशी, बाहीत लपणाऱ्या जागी हळूच खरवडलं आणि खालची भुकटी बोटावर घेतली.

"आत पण हाच आहे," तो म्हणाला.

"हो."

तो हसला, त्या संध्याकाळसारखाच. मला वाटलं, झालं, जिंकलो आपण. आजही कबूल करते, त्या क्षणी मी त्याच्या घरात कुठल्या खिडकीशी बसून काम करायचं तेसुद्धा मनात ठरवून टाकलं.

"मला काही अडचण नाही," तो म्हणाला. मग आवाज खाली आणला. "पण आईचं वेगळं आहे. थोरल्या वहिनी सावळ्या आहेत, तर दहा वर्षं झाली तरी ती रोज काही तरी बोलते. ह्या खेपेला गोरीच सून आणणार म्हणून भावकीत सांगून बसलीय. आपण असं करू. तुम्ही आलात हे कुणाला कळायला नको. मुहूर्त गोरज आहे, मेकअप असणारच आहे. लग्न होऊ दे, मग मी तिला समजावतो हळूहळू."

जरा धीर येऊन तो पुढे म्हणाला, "फक्त रुखवतातली बाहुली तेवढी गोरी ठेवा. ती काय, आयुष्यभर काचेच्या कपाटात राहणार. ही बघितली तर आई मांडवातच काही तरी बोलून बसेल."

"म्हणजे मला गंधकाचा धूर द्यायचा."

"तसं नाही हो."

"गोडी तेवढीच राहते, असं म्हणाला होतात तुम्ही."

त्यानं मान खाली घातली. "ते मी साखरेबद्दल बोललो होतो," तो म्हणाला.

वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर मला भांडता तरी आलं असतं. मी रुमालाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि उठले.

"मग मी बाहुलीबद्दल बोलते," मी म्हटलं. "ती ओतून झालीय. घट्ट झाल्यावर रंग बदलत नाही. घरी जाऊन सांगा, लग्न मोडलं. कुणी मोडलं विचारतील, तर मुलीनं मोडलं म्हणा. आता आणखी खोटं नको."

"शैला, जरा व्यवहार बघा. पुन्हा स्थळ मिळणं..."

"ते माझं मी बघेन."

दारापर्यंत गेले तेव्हा त्यानं हाक मारली. "हा हात राहिला तुमचा."

"राहू दे. नमुन्याच्या बाटल्यांत ठेवा," मी म्हटलं, "कधी आपला रंग शेजारी धरून बघा."

परतीच्या एसटीत मात्र मी रडले. तिथं रेझिन नव्हतं. फाट्यापासून कराडच्या स्टँडपर्यंत रडले, आवाज न करता पण मनसोक्त. शेजारच्या म्हातारीनं माझ्या मांडीवर हात ठेवून विचारलं, "कोन गेलं गं बाय?"

"कुणी नाही गेलं आजी," मी म्हटलं. तिनं पिशवीतला एक पेढा काढून दिला, तो मी खाल्ला.

घरी वादळ झालं. मामानं आधी आईला झोडपलं, तोंडानं, आणि मग मला. "कारखान्यावर गेली! नवरी म्हनून सांगितलं वॉचमनला! नाक कापलंस माझं भावकीत! आता कोन करून घेनार तुला? ऱ्हा बस बाहुल्या खेळत जलमभर!"

माझे वडील, आबा, एसटीत कंडक्टर होते. ड्युटीवरून येऊन दाराशी बूट सोडत होते. ते घरात बोलायचे कमी, आणि मामासमोर तर नाहीच. त्यांनी बूट भिंतीला लावून ठेवले आणि मला विचारलं, "जाताना-येताना तिकीट काढलं हुतंस न्हवं?"

"हो आबा."

"मग झालं तर. कुनाचं फुकट काय घेतलं न्हाई आपन." एवढं बोलून ते हातपाय धुवायला गेले.

तेव्हाच मी माझी अट सांगून टाकली. पुढचं स्थळ आणायचं तर जरूर आणा. पण बघायला यायचं ते दुपारी बारा वाजता, आणि मी बसणार ती अंगणात. मामा "येडी झालीय पोरगी" म्हणून निघून गेला आणि पुढची दोन वर्षं आमच्याशी बोलला नाही.

तीन जण आले आणि उन्हाचं निमित्त करून लवकर उठले. चौथा मुकुंद. विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचा. तो आला, टोपी काढून सरळ उन्हात बसला, मला बघितलं, आणि म्हणाला, "ह्या पेरूला फळ धरत न्हाई वाटतं?" मी म्हटलं, "धरतं. आत्ता मोसम नाही." ("पेरू मावशीच्या अंगणात आणि हा कार्यक्रम तुमच्या घरी कसा?" असं कुणी विचारेल म्हणून सांगते, आमच्या घराला अंगण नव्हतं. ती दुपार मावशीनं दिली होती, आणि त्या दिवशी ती झोपली नव्हती.)

लग्न लागलं दुपारी बारा वीसला, मेकअपशिवाय. रुखवतात ती बाहुली होती, आईच्या शालूच्या काठात. उजवा हात मला नव्यानं ओतावा लागला. वहीत थेंब लिहिलेले होते, मोजून घातले, तरी तो पहिल्या रंगाला पुरता मिळाला नाही. नीट बघितलं तर कळायचंच. मी तो तसाच बसवला.

आज मावशी नाही. दुकान मी चालवते. चार नंबरला आता गिऱ्हाईक असतं, आणि पोरी स्वतः येतात, चकती गळ्याशी धरून आरशात बघतात. एखादीचा मामा दारातून "एक नंबर लाव" म्हणतोच. मी त्याला आधी चप्पल काढायला सांगते.

पण मला आठवते ती लग्नाच्या दिवसाची गोष्ट. अक्षता पडल्यानंतर मंडळी रुखवत बघायला आली, त्यात मामाही होता. दोन वर्षांनी आमच्यात आला होता, तोही भाचीच्या पाठीशी मामानं उभं राहावं लागतं म्हणून. कुणाशी बोलत नव्हता. तो बाहुलीपाशी थांबला. तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत तिच्याकडे.

"ह्यो हात येगळा दिसतोय गं," तो म्हणाला.

"दुसऱ्यांदा ओतला, मामा. पहिला राहिला तिकडं."

हॉलच्या त्या कोपऱ्यात जरा अंधारच होता. मामानं उपरणं खांद्यावर टाकलं, टेबलाची एक बाजू दोन्ही हातांनी धरली आणि सगळं रुखवत, रुखवतातल्या सगळ्या ताटांसकट, कर्रकर्र करत खिडकीखाली उन्हात ओढून नेलं.

"कुनी ठिवलंय हे असं अंधारात?" तो सगळ्यांवर ओरडला. "पोरगी नीट दिसत न्हाई!"